डँडेलियन की पाथरी? सातारा-सांगलीत पिवळ्या फुलाची ओळख पटवण्याची रीत

पाचगणीच्या लॉनवर किंवा कऱ्हाडकडच्या उसाच्या बांधावर जमिनीलगत पिवळं फूल दिसतं. मोबाइल वर धरून फोटो काढला जातो, अ‍ॅप ‘डँडेलियन’ असं नाव देतं आणि ओळख पटली म्हणून माणूस पुढे जातो. अशा बहुतेक ओळखी चुकतात. वरून पाहिलं तर सूर्यफुलाच्या कुळातली कितीतरी रोपं एकसारखी दिसतात. फरक असतो तो फुलाच्या खाली, दांड्यात आणि फळात, आणि फोटोत नेमकं तेच नसतं.

डँडेलियन म्हणजे टॅराक्सॅकम ऑफिसिनेल आणि त्याचा गोतावळा. ही थंड हवेची वनस्पती, हिमालयात सर्रास दिसणारी. सातारा-सांगलीत ती दिसणं अगदीच अशक्य नाही, पण संशयाचा फायदा तिला द्यायचा नाही. ‘हे डँडेलियन नव्हे’ असं धरूनच सुरुवात करायची. खालच्या टप्प्यांतून जाऊनही ते नाकारता आलं नाही, तरच नाव लिहायचं. टप्प्यांचा क्रमही बदलू नका. सोप्या खुणा आधी घेतल्या की निम्मी रोपं पहिल्या पाच मिनिटांतच बाजूला पडतात आणि भिंग फक्त उरलेल्यांसाठी काढावं लागतं.

## तयारी: कुठे, कधी, काय घेऊन

जागा. सांगली शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे उन्हाळा कडक आणि पाऊस तुटपुंजा. तिकडे कोरडवाहू रानात डँडेलियन सापडल्याचं कुणी सांगितलं तर आधी पाथरी, ही पिवळ्या फुलाची रानभाजी, आठवा. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटरवर, पाचगणी त्याहून थोडं खाली. शोधायचंच असेल तर या पट्ट्यातली लॉन, शाळांची मैदानं, नर्सऱ्या आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांच्या कडा पाहा. स्ट्रॉबेरीची मातृरोपं परदेशातून येतात आणि लॉनची चटई दुसऱ्या गावच्या मातीसकट येते. तणाला एवढी वाट पुरते.

वेळ. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचे थंड महिने सोयीचे. दिवस उन्हाचा हवा आणि वेळ सकाळी नऊ ते अकराची. डँडेलियनचं फूल संध्याकाळी, पावसात आणि ढगाळ हवेत मिटतं. दुपारी चारला जाऊन ‘नुसत्या कळ्याच आहेत’ असं वहीत लिहिणारे पुष्कळ भेटतात.

परवानगी. कास पठारावर, कोयना अभयारण्यात किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानात काहीही तोडायचं नाही. ‘एकच रोप घेतो’ हेही नाही. पुढच्या टप्प्यांत दांडा कापावा लागतो आणि मूळ उपटावं लागतं, म्हणून आपलं शेत, अंगण किंवा मालकाला विचारून मिळालेली खासगी जागाच निवडा.

सामान. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, नवं ब्लेड, खुरपं, कागदी पाकिटं, वर्तमानपत्राची रद्दी, पेन्सिल आणि वही. भिंग नसेल तर सहाव्या टप्प्यापर्यंत जमेल, पुढे नाही.

वहीत प्रत्येक खुणेपुढे ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘पाहायला मिळालं नाही’ असे तीन रकाने आखा. तिसरा रकाना आखायचा कंटाळा करू नका. जे पाहिलंच नाही ते ‘असणारच’ म्हणून पहिल्या रकान्यात टाकलं जातं आणि चुकीची ओळख तिथूनच सुरू होते.

## टप्पा १: हात लावण्याआधी सगळी रोपं पाहा

एकाच रोपावर निर्णय घेऊ नका. आसपास फिरून कळी, उमललेलं फूल, फूल होऊन मिटलेलं आणि पांढऱ्या केसांचा गोळा झालेलं, अशा चारही अवस्था शोधा. डँडेलियनचं फूल उमलून गेलं की काही दिवस मिटून राहतं, त्या काळात त्याचा दांडा लांबतो आणि मग पांढरा गोळा उघडतो. त्यामुळे एकाच रोपावर बुटका आणि उंच असे दोन्ही दांडे दिसतात. त्यावरून दोन जाती आहेत असं समजू नका.

गोळा झालेलं डोकं दिसलं की आधी त्यावर कागदी पाकीट घाला आणि मगच दांडा तोडा. फुंकर मारून म्हातारी उडवायचा मोह मुलांना होतो तसाच मोठ्यांनाही होतो. तो आवरा: पुरावाही उडून जातो आणि बीही पसरतं.

इशारा. रुजून आलेल्या, कातरलेल्या पानांच्या प्रत्येक चक्राला, म्हणजे जमिनीलगत गोलाकार पसरलेल्या पानांना, हात लावू नका. फुलायच्या आधी गाजरगवताचंही असंच जमिनीलगत चक्र असतं, आणि त्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, त्वचेवर चट्टे येतात. त्याची पानं बारीक चिरलेली आणि लवदार असतात आणि ती तोडल्यावर दूध येत नाही. शंका असेल तर हातमोजे घाला.

## टप्पा २: चीक

एक पान आणि एक दांडा तोडा. पांढरा चीक लगेच यायला हवा. उन्हात कोमेजलेल्या रोपात तो कमी दिसतो, म्हणून पान मुळाजवळ तोडून पाहा.

चीक नसेल तर काम संपलं, ते डँडेलियन नाही. आपल्याकडे या पायरीवर गळणारी रोपं सांगतो. एकदांडी, म्हणजे ट्रायडॅक्स, ही सगळ्यांत जास्त फसवते, कारण तिलाही लांब दांड्यावर एकच फूल असतं आणि पुढे पांढरे केस येतात. पण तिची पानं दांडीवर समोरासमोर असतात आणि फुलाच्या मधोमध पिवळी तबकडी व कडेला मोजक्याच फिकट, तीन दातांच्या पाकळ्या असतात. कास आणि महाबळेश्वरची सोनकी इथेच जाते. मोहरी आणि मुळ्याची कोवळी रोपं इथेच जातात. पॉलिहाऊसमधून फेकलेला, उकिरड्यावर रुजलेला जरबेराही इथेच. त्याला पानांचं चक्र आहे, बिनपानी दांडा आहे, एकच फूल आहे. नुसत्या आकारावर गेलात तर तो पक्का डँडेलियन ठरेल, पण त्याला दूध नाही.

उलटं मात्र खरं नाही. चीक आहे म्हणून डँडेलियन असं होत नाही. पाथरीला चीक आहे, सोंकस नावाच्या पिवळ्या फुलाच्या तणाला आहे, रुईला तर आहेच.

इशारा. चिकाचा हात डोळ्याला लावू नका. डँडेलियनच्या चिकाने काहींच्या त्वचेवर पुरळ येतं, आणि समोरचं रोप शेराच्या जातीचं निघालं तर डोळ्याला खरी इजा होऊ शकते. ब्लेड पुसा, हात धुवा, मग पुढे चला.

## टप्पा ३: फुलाचा दांडा

माझ्या मते शेतात उभं राहून करता येणारी सगळ्यांत भरवशाची तपासणी ही आहे, आणि लोक हीच टाळतात. दांडा अगदी मुळापासून वरपर्यंत बोट फिरवत पाहा. तीन प्रश्न विचारा.

त्यावर एखादं पान, अगदी खवल्याएवढंसुद्धा, आहे का? डँडेलियनच्या दांड्यावर काहीच नसतं. पानं फक्त तळाशी.

तो कुठे फुटतो का? डँडेलियनचा दांडा फांदी काढत नाही. एक दांडा, एक फूल. एका रोपाला दहा दांडे असतील, पण प्रत्येक दांडा थेट चक्राच्या मधून निघालेला असेल.

आत पोकळ आहे का? ब्लेडने आडवा छेद घ्या. गोल नळी दिसली पाहिजे. बोटांत धरला की दांडा सहज चेपतो.

पाथरी, म्हणजे लॉनिया प्रोकम्बेन्स, इथे बाद होते. तळाशी तिचंही पानांचं चक्र असतं, चीक असतो, फुलं पिवळी असतात. पण तिची खोडं जमिनीवर पसरतात, फांद्या काढतात आणि त्या फांद्यांवर फुलं येतात. ज्वारीच्या आणि उसाच्या रानात बायका भाजीला खुडतात ती हीच. सोंकसही इथेच जातो: त्याचं खोड पोकळ असलं तरी त्यावर पानं असतात, पानांचे तळ खोडाला मिठी मारतात, आणि वर फुलांचा घोस असतो. सावलीतल्या ओल्या कुंड्यांत उगवणारा यंगिया जपोनिका तळाशी चक्र करतो खरा, पण त्याचा दांडा वर जाऊन फुटतो आणि फुलं जेमतेम बोटाच्या नखाएवढी असतात.

नेहमीची चूक: कापलेलं लॉन. यंत्र फिरलेल्या लॉनवर पाथरीच्या वरच्या फांद्या छाटल्या जातात आणि खाली एकच बुटकं फूल उरतं. ते बिनफांदीचं भासतं. दांड्यावर कापल्याचे करडे, सुकलेले खुंट शोधा. लॉनच्या कडेला, कुंपणाच्या तारेखाली यंत्र पोहोचत नाही. तिथलं रोप तपासलंत तर हा घोळ होत नाही.

पडताळा. आतापर्यंत वहीत चीक ‘आहे’, दांड्यावर पान ‘नाही’, फांदी ‘नाही’, पोकळ ‘आहे’ असं असेल तरच पुढे. एकाही ठिकाणी उलट उत्तर असेल तर थांबा. ‘तरी फूल अगदी तसंच दिसतंय’ ही सबब चालत नाही.

## टप्पा ४: पानं आणि मूळ

इथे फार वेळ घालवू नका. डँडेलियनची पानं जमिनीलगतच्या चक्रात असतात, लांबट असतात, आणि त्यांचे खंड टोकाकडे न वळता मागे, पानाच्या तळाकडे वळलेले असतात. ही मागे वळलेली टोकं चांगली खूण आहे, पण पुरावा नाही. सावलीतल्या आणि कोवळ्या रोपांची पानं जवळजवळ अखंड असतात, उन्हातल्या रोपांची खोल कापलेली. एकाच चक्रात दोन्ही दिसतात. पानाच्या कापावरून जात ठरवायला बसलात तर दिवस मावळेल.

पानाला हात मात्र लावून पाहा. डँडेलियनचं पान गुळगुळीत किंवा अगदी विरळ लवेचं असतं. खरखरीत, राठ केसांचं पान लागलं तर हायपोकेरिस या डँडेलियनसारख्या दिसणाऱ्या तणाचा संशय घ्या. त्याच्याकडे सातव्या टप्प्यात येतो.

मूळ सोटमूळ असतं, जाड, खोल, तोडल्यावर चीक देणारं. खुरप्याने बाजूची माती एक वीतभर मोकळी करून मगच ओढा. नुसतं हिसकलं तर मूळ अर्ध्यावर तुटतं, नमुनाही वाया जातो आणि मातीत उरलेल्या तुकड्याला पुन्हा धुमारे फुटतात.

## टप्पा ५: फूल फाडून पाहा

ज्याला आपण एक फूल म्हणतो ते बारीक फुलांचं झुपकं असतं. वनस्पतिशास्त्रात त्याला स्तबक म्हणतात आणि आतल्या प्रत्येक बारीक फुलाला पुष्पक. स्तबक मधोमध उभं फाडा आणि पुष्पकं सुटी करून पाहा.

डँडेलियनमध्ये कडेपासून मध्यापर्यंत सगळी पुष्पकं एकाच घडणीची असतात: पट्टीसारखी, टोकाला पाच दात. मधोमध नळीच्या आकाराच्या पुष्पकांची तबकडी नसते. मधली पुष्पकं उशिरा उमलतात, म्हणून अर्धवट उमललेल्या फुलात मध्यभाग गडद आणि दाट दिसतो आणि तीच तबकडी समजली जाते. एक मधलं पुष्पक टाचणीने उचलून उलगडा, तीही पट्टीच निघेल.

या तपासणीने फक्त गट ठरतो. पाथरी, सोंकस, हायपोकेरिस या सगळ्यांची पुष्पकं अशीच पाच दातांची असतात. ‘पाच दात मोजले, डँडेलियन आहे’ असं कुणी म्हणालं तर त्याला तिसऱ्या टप्प्यावर परत पाठवा.

## टप्पा ६: फुलाखालची हिरवी छदं

आता स्तबक उलटं करा. खाली हिरव्या पट्ट्यांचा पेला असतो. त्या पट्ट्या म्हणजे छदं. डँडेलियनमध्ये त्यांच्या दोन रांगा स्पष्ट वेगळ्या असतात. आतली रांग लांब, सरळ उभी, फुलाला आवळून धरणारी. बाहेरची आखूड. टॅराक्सॅकम ऑफिसिनेलच्या गटात ही बाहेरची छदं खाली दांड्याकडे वळलेली असतात, कळीतसुद्धा.

कळीतसुद्धा, हे पुन्हा सांगतो. फळ पिकल्यावर आतली छदंही खाली मुडपतात आणि सोंकससारख्या दुसऱ्या रोपांतही पिकलेल्या डोक्याची छदं मागे जातात. म्हणून हा टप्पा कळीवर किंवा ताज्या फुलावरच करायचा. पांढऱ्या गोळ्याखाली वळलेली छदं पाहून ‘खूण जुळली’ असं लिहिणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

पाथरीच्या छदांना कडेने पांढरी, पापुद्र्यासारखी किनार असते आणि बाहेरची छदं पेल्याला चिकटून बसलेली असतात. सोंकसचा पेला फूल मिटल्यावर तळाशी फुगतो.

फोटो काढायचाच असेल तर तो इथे काढा: बाजूने, फूल आणि दांड्याचा वरचा भाग एका चौकटीत, मागे हात किंवा कोरा कागद धरून. अ‍ॅपवर टाकायचा तरी हाच टाका.

## टप्पा ७: फळ, चोच आणि केस

निकाल इथे लागतो. पिकलेल्या गोळ्यातून चार-पाच फळं काढून काळ्या कागदावर ठेवा. ज्याला आपण बी म्हणतो ते खरं म्हणजे एकबीजी सुकं फळ, कृत्स्नफळ. केसांच्या झुबक्याला पिच्छसंदल म्हणतात.

डँडेलियनचं फळ तीन भागांत पाहा. खाली ३ ते ४ मिलिमीटर लांबीचं, उभ्या धारांचं अंग. त्याच्या वरच्या भागावर बारीक टोकदार उंचवटे. मग अंगाच्या दुपटीहून लांब, केसाएवढी बारीक चोच, आणि तिच्या टोकावर पांढऱ्या केसांचं चक्र. उघडलेल्या छत्रीचा दांडा म्हणजे ही चोच. दांडा आहे म्हणून केस अंगापासून दूर, वर उघडतात.

पाथरी आणि सोंकसच्या फळाला चोच नसते. केस थेट अंगाच्या डोक्यावर बसलेले असतात. भिंगाखाली हा फरक एवढा ठळक दिसतो की एकदा पाहिल्यावर गोंधळ होत नाही.

पण चोचीवर थांबू नका. रानसॅलडच्या, म्हणजे लॅक्टुकाच्या, फळांनाही चोच असते. ती रोपं तिसऱ्या टप्प्यात पानाळ खोडामुळे आधीच गेलेली असतात. खरी फसवणूक हायपोकेरिस रॅडिकाटाची. ते निलगिरीत रुजलेलं आहे आणि थंड डोंगरी लॉनवर त्याची शंका घ्यायलाच हवी. त्याला चीक आहे, तळाशी चक्र आहे, फूल हुबेहूब आहे, फळाला चोच आहे, आणि एखादा दांडा न फुटता एकच फूलही धरतो. त्याला पकडायच्या खुणा अशा:

केस भिंगाखाली धरा. डँडेलियनचे केस साधे असतात, म्हणजे प्रत्येक केस एकच सरळ धागा. अगदी बारीक खरखर दिसली तरी बाजूला फाटे नसतात. हायपोकेरिसचे केस पिसदार असतात: मधल्या धाग्याला दोन्ही बाजूंनी बारीक आडवे केस. उजेडाकडे धरलं तर लगेच कळतं.

मग फळं झडून गेलेल्या डोक्याचं उघडं तळवट पाहा. डँडेलियनमध्ये ते उघडंबोडकं असतं, फळं जिथे बसली होती त्या खळग्यांच्या खुणा तेवढ्या. हायपोकेरिसमध्ये पुष्पकांच्या मधून अरुंद, पापुद्र्यासारखी खवली उभी असतात. शिवाय त्याच्या दांड्यावर जागोजागी बारीक खवले असतात, दांडा फुलाखाली थोडा जाड होतो आणि पानं राठ केसांची असतात.

इशारा. ओले केस एकमेकांना चिकटून पिसदार भासतात. दव असेल तर पाकिटात घालून घरी न्या, सुकू द्या, मग भिंग लावा.

पडताळा. फळ मिळालंच नाही? मग तिसऱ्या रकान्यात तसं लिहा आणि ‘टॅराक्सॅकम असण्याची शक्यता’ एवढ्यावर थांबा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा जा. फूल मिटलेल्या दांड्याला लोकरीचा धागा बांधून ठेवला तर परत आल्यावर तोच दांडा सापडतो.

## टप्पा ८: जात लिहायची की गट?

इथवर सगळं जुळलं तर हाती टॅराक्सॅकम आहे. आता जातीचं नाव लिहायची घाई होते, आणि जाणकारांचीही गफलत इथेच होते.

टॅराक्सॅकममधली पुष्कळ रोपं त्रिगुणित असतात. मूळ संच ८ गुणसूत्रांचा, त्यांच्याकडे २४. ती परागणाशिवायच बी धरतात आणि त्या बीतून आईची हुबेहूब नक्कल उगवते. त्यामुळे लहानसा फरकसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या तसाच टिकतो. युरोपात अशा सूक्ष्मजातींना दिलेली नावं हजाराच्या वर आहेत, आणि ती ओळखणारे तज्ज्ञही त्यासाठी ठराविक काळातली, ठराविक जागेतली चांगली वाढलेली रोपंच घेतात. लॉनवरच्या चार तुडवलेल्या रोपांवरून ते काम होत नाही.

आपण एवढंच करावं: पूर्ण पिकलेल्या फळाचा रंग पाहायचा. ऑफिसिनेलच्या गटात तो फिकट तपकिरी ते हिरवट-करडा असतो. लालसर विटकरी फळ, खूप बारीक आणि मध्यशिरेपर्यंत कापलेली पानं, लहान फूल आणि छदांच्या टोकाखाली बारीक शिंगासारखा उंचवटा, असं सगळं एकत्र दिसलं तर टॅराक्सॅकम एरिथ्रोस्पर्ममच्या गटाचा विचार करा. रंग कच्च्या फळावर पाहू नका. सहज सुटून येणारं फळच पिकलेलं समजा.

वहीत ‘टॅराक्सॅकम ऑफिसिनेल, व्यापक अर्थाने’ असं लिहा. हे अर्धवट नाव नव्हे, प्रामाणिक नाव आहे. हिमालयात टॅराक्सॅकमच्या स्थानिक जातीही आहेत, त्यामुळे तिकडून आलेल्या रोपांबरोबर काय आलं हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

## टप्पा ९: रुजलं आहे की नुसतं उगवलं आहे?

ओळख पटली तरी ‘साताऱ्यात डँडेलियन रुजलं आहे’ हे वाक्य वेगळं आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. परदेशी वनस्पती बागेत जगते ही एक पायरी. कुंपणाबाहेर एखाद-दुसरं रोप उगवतं आणि मरतं ही दुसरी. माणसाच्या मदतीशिवाय स्वतःच्या बीवर पिढ्यामागून पिढ्या टिकते, तेव्हाच ती रुजलेली म्हणायची.

रोपांची संख्या इथे फसवते. परागणाची गरज नसल्यामुळे एकाच रोपापासून वर्षभरात सगळं लॉन भरू शकतं. शंभर रोपं मोजली म्हणजे शंभर वेळा रुजलं असं होत नाही. ती एकाच आईची एकाच हंगामातली लेकरं असू शकतात.

आपल्या भागात याची खरी परीक्षा पाणी घेतं. हॉटेलच्या लॉनला उन्हाळाभर फवारा चालू असतो. तिथलं रोप माळ्याच्या जिवावर जगतंय. म्हणून नोंदी अशा करा:

1. पाणी मिळणारी जागा आणि न मिळणारी जागा, दोन्हींतली रोपं वेगवेगळी मोजा.
2. अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला, वळीव पडण्याआधी, त्याच जागी जा. पाणी न मिळणाऱ्या जागेत चक्र हिरवं आहे का, की नुसतं मूळ उरलंय?
3. पावसाळा संपल्यावर पुन्हा जा. महाबळेश्वरचा पाऊस हजारो मिलिमीटरचा. उन्हाळ्यात तगलेलं रोप पाणथळ मातीत कुजूही शकतं.
4. दोन-चार पानांची नवी रोपं शोधा आणि ती आईपासून किती लांब आहेत ते पावलांनी मोजा.

हे किमान सलग काही वर्षं व्हायला हवं. तोवर ‘लागवडीच्या जागेत तण म्हणून आढळलं’ असंच लिहा. एका हिवाळ्यात ‘रुजलं’ असं जाहीर करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

## टप्पा १०: नमुना

फोटो नमुन्याची जागा घेत नाही. चोचीची लांबी आणि केसांचा प्रकार दहा वर्षांनी तपासायचा तर खरं फळ हातात लागतं.

मूळ, पानांचं चक्र, कळी, फूल आणि फळ असलेलं अख्खं रोप घ्या. माती धुऊन टाका, पाणी टिपून घ्या. जाड मूळ उभं चिरा, नाहीतर ते सुकता सुकत नाही. एक फूल अख्खं आणि एक उभं चिरून, दोन्ही रद्दीच्या घडीत पसरा आणि वर जड वजन ठेवा. पहिले काही दिवस कागद रोज बदला. पाचगणी-महाबळेश्वरच्या दमट हवेत दिवसातून दोनदा.

या रोपाची एक खोड आहे: दाबात घातलेलं पिवळं फूल मरायच्या आत पिकायला लागतं आणि कागद उघडल्यावर फुलाऐवजी केसांचा पुंजका सापडतो. म्हणून फूल लवकर सुकवा. पहिल्या दिवशी कागद अनेकदा बदला किंवा गरम केलेले कोरडे कागद वापरा. चिरलेलं फूल बहुधा शाबूत राहतं.

फळं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. चिकटपट्टी लावू नका, केस मोडतात. प्लॅस्टिकची पिशवी नको, बुरशी येते. उरलेली फळं, मुळं, माती उकिरड्यावर किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नका, जाळून टाका.

पानं भाजीला, मूळ औषधाला असं कुणी सुचवलं तर ओळख तपासण्यासाठी उपटलेलं रोप खाऊ नका. लॉनवर आणि बांधावर तणनाशक मारलेलं असतं, आणि ओळख अजून पक्की व्हायची असते.

चिठ्ठीवर हे लिहा: गाव, तालुका, जिल्हा, उंची, तारीख, जागेचं वर्णन, सोबतची झाडं, फुलाचा रंग, चीक, बाहेरच्या छदांची दिशा, फळाचा रंग, गोळा करणाऱ्याचं नाव. सुकल्यावर जे नाहीसं होतं ते आधी. चीक आणि छदांची दिशा दाबलेल्या नमुन्यात नीट कळत नाही, ती चिठ्ठीतूनच कळणार.

नमुना जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. तिथे निकाल लागला नाही तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आणि पुण्याचं बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र इथे वनस्पती संग्रहालयं आहेत. जाताना वहीही न्या, तिसऱ्या रकान्यासकट. आणि चिठ्ठीत ‘जागेला उन्हाळ्यात पाणी देतात का’ हे लिहायचं राहिलं असेल तर नमुना देण्याआधी माळ्याला फोन करून विचारा.